मोजडीच्या मागच्या दाराशी

सायप्रिपेडियम कॉर्डिजेरम मी पहिल्यांदा पाहिलं ते देहरादूनच्या एका वनस्पतिसंग्रहात, जाड कागदावर चिकटवलेलं. पानं तंबाखूच्या रंगाची झाली होती. ज्या पिशवीमुळे या फुलाला स्लिपर ऑर्किड म्हणतात, ती दाबून इतकी चपटी झाली होती की तिच्यात कधीकाळी हवा खेळत होती यावर विश्वास बसू नये. कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीत मात्र जीव होता. महिना, उंची आणि बारीक अक्षरात ‘झुडपांच्या कडेला, ओलसर उतार’. मी अशा सोळा चिठ्ठ्या वहीत उतरवून घेतल्या. कॅमेऱ्याची बॅग भरायच्या कितीतरी आधी फोटोची तयारी सुरू झाली ती तिथे.

मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. स्लिपर ऑर्किडला वेगळं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव मला कुठे सापडलं नाही, म्हणून मी त्यांना ‘मोजडी’ म्हणते आणि इथेही तेच म्हणेन. मोजड्यांच्या पाच प्रजाती, म्हणजे जातींचे पाच गट, आहेत. त्यातल्या फ्रॅग्मिपेडियम, सेलेनिपेडियम आणि मेक्सिपेडियम या तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यातल्या. पॅफिओपेडिलम उष्ण आशियातली. आपल्याकडे तिच्या बहुतेक जाती ईशान्येला आहेत आणि एकटी पॅफिओपेडिलम ड्रूराय पार खाली, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलैच्या डोंगरांत. सायप्रिपेडियम थंडीची. हिवाळ्यात तिचं जमिनीवरचं सगळं मरून जातं. मातीत आडवा पसरलेला मूलक्षोड तेवढा बर्फाखाली जगतो, आणि बर्फ वितळलं की त्याच्या टोकातून नवा कोंब वर येतो. कोंब, पानं, फूल, बी हा सगळा संसार चार-पाच महिन्यांत उरकायचा असतो. फूल पाहायचं असेल तर आपल्या हातात जेमतेम काही आठवडे असतात.

कॉर्डिजेरम हिमालयात पाकिस्तानपासून भूतानपर्यंत, साधारण २,१०० ते ४,००० मीटरच्या पट्ट्यात आढळते. चिठ्ठ्यांवरचे बहुतेक महिने जूनचे होते. मी जूनचा दुसरा आठवडा धरला, वनखात्याची परवानगी काढली आणि गढवालमधल्या एका दरीत नऊ दिवसांसाठी गेले. दरीचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

सोबत एक वाटाडे होते. वयाने माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना भैजी म्हणायचे, ते मला दीदी. त्यांना फुलाचं नाव माहीत नव्हतं, पण मी चित्र दाखवल्यावर ते लगेच म्हणाले, “पाहिलंय. मेंढ्या वर नेताना पाहिलंय. पण दीदी, फूल शोधत फिराल तर पायाखाली तुडवाल. पान शोधा.”

हे त्यांचं वाक्य मला पुढे रोज उपयोगी पडलं. मोजडीचं फूल छायाचित्रात मोठं दिसतं, पण हिरव्या झाडोऱ्यात ते सहज हरवतं. कॉर्डिजेरमच्या पाकळ्या हिरवट असतात आणि पांढरी पिशवी दुरून वाळक्या पानासारखी वाटते. पान मात्र लपत नाही. रुंद, लंबगोल, खोडाला कवटाळून बसलेलं, आणि देठाकडून टोकाकडे साडीच्या निऱ्या घातल्यासारखं. पहिल्या दिवशी निऱ्यांचं प्रत्येक पान दिसलं की मी धावायचे. जवळ गेल्यावर ती एपिपॅक्टिस निघायची. ती आमरीच असते, पण तिला मोजडी नसते. दुसऱ्या दिवशी पॉलिगोनॅटमने फसवलं. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि आम्ही एका कपारीखाली चार तास बसून राहिलो. पाऊस उघडल्यावर भैजी म्हणाले, आता इकडे नको, धारेच्या पलीकडे जाऊ, तिथे बर्फ उशिरा वितळतं.

चौथ्या दिवशी सकाळी धार ओलांडली. पलीकडचा उतार उत्तरेला तोंड करून होता. वर फर आणि भोजपत्र, खाली खरसू ओकचं रान, आणि दोन्हींच्या मध्ये झुडपांचा एक पट्टा. भैजी पुढे होते. ते थांबले आणि काही न बोलता त्यांनी पाठीमागे हात करून मलाही थांबवलं. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर निऱ्यांची तीन पानं होती आणि त्यांच्यावर एक पांढरी, टम्म फुगलेली पिशवी. मग डोळा सरावला. एका झुडपाच्या कडेने नऊ कोंब होते आणि त्यांतल्या पाचांवर फुलं. तासाभराने खाली, पायवाटेच्या जवळ, आणखी चार कोंबांचा एक पुंजका सापडला.

कॅमेरा काढायच्या आधी मी पोटावर झोपून एक फूल नुसतं पाहिलं. वाळलेल्या कागदावर जे कळत नव्हतं ते सगळं आता समोर होतं. वरचं निदल छतासारखं उभं. खालची दोन निदलं एकमेकांना जोडून पिशवीच्या मागे एकच झालेली, फक्त टोकाशी जराशी चीर. दोन पाकळ्या अरुंद, टोकदार, दोन्ही बाजूंना पसरलेल्या. तिसरी पाकळी म्हणजे मोजडी. एखाद्या लहान अंड्याएवढी, पांढरी, आणि तिच्या तोंडाची कड आतल्या बाजूला वळलेली. तोंडाच्या वर, मागच्या बाजूला, एक छोटी पिवळी ढाल होती आणि तिच्यावर लाल ठिपके. हा वंध्य पुंकेसर. बहुतेक आमरींना एकच कामाचा पुंकेसर असतो, मोजड्यांना दोन असतात आणि तिसऱ्याची अशी ढाल झालेली असते. फुलाच्या मागे एक पानासारखं सहपत्र सरळ उभं होतं. देठावर बारीक लव होती आणि तिच्यात कालच्या पावसाचे थेंब अडकले होते.

मग फोटो सुरू झाले, आणि पहिल्या दिवसाचे सगळे वाया गेले. त्याला कारण पांढरा रंग. भोवती गडद हिरवं रान असतं, कॅमेरा त्या अंधाराला भुलून प्रकाश वाढवतो आणि पिशवी कागदासारखी कोरी होऊन जाते. तिच्यावरच्या शिरा, तिचं फुगीरपण, काहीच उरत नाही. संध्याकाळी स्क्रीनवर पाहताना माझा जीव गेला. दुसऱ्या दिवसापासून मी एक्स्पोजर जवळजवळ एक स्टॉप खाली ठेवलं, प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड तपासली आणि ऊन थेट पडायला लागलं की भैजींना पांढरं पातळ कापड धरायला लावलं. फ्लॅश मी वापरला नाही. त्याने पिशवीवर एक चकचकीत ठिपका येतो आणि ती प्लॅस्टिकची वाटायला लागते. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एफ ८ ते एफ ११, ट्रायपॉडचे पाय जमिनीसरसे पसरलेले आणि शटरला वायरचं बटण. वाऱ्यापुढे या सगळ्याचा इलाज चालत नाही. देठ लांब असतो, फूल वजनदार असतं, आणि अंगाला न जाणवणारी झुळूकही त्याला डोलवते. पहाटे साडेपाच ते साडेसात ही वेळ वाऱ्यावाचूनची होती. माझे ठेवण्यासारखे फोटो बहुतेक याच दोन तासांतले आहेत.

एक गोष्ट आधी ठरवून गेले होते की फ्रेममध्ये येणारं गवत उपटायचं नाही. अनेक जण फुलाभोवतीची जागा ‘साफ’ करतात. फोटो सुंदर येतो, पण ज्या सावलीत आणि ओलाव्यात ते फूल उभं असतं तीच त्याने नाहीशी होते. वर उघड्यावर आलेलं फूल जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेत भरतं ते वेगळंच. मी गवताची पाती दोरीने हलकेच बाजूला ओढून धरायचे आणि निघताना सोडून द्यायचे.

इतकी काळजी घेऊनही पाचव्या दिवशी माझ्या हातून व्हायचं ते झालंच. गुडघ्याखाली घालायची फोमची चटई मी उतारावर पसरली होती. तासाभराने ती उचलली तर खाली एक एकटं पान चेपलेलं. बोटभर लांबीचं, पण निऱ्या स्पष्ट. मोजडीचं रोप.

हे पान किती मोलाचं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. मोजडीचं बी धुळीएवढं असतं. डाळीत, धान्यात असते तशी शिदोरी त्याच्यात नसते. ते मातीत पडतं आणि योग्य बुरशीचा धागा त्याच्यात शिरला, तरच त्या बुरशीकडून अन्न घेत रुजतं. पहिला काही काळ जमिनीच्या आतच, उजेड न पाहता काढतं. मग कधीतरी एक पान वर येतं. युरोपातल्या सायप्रिपेडियम कॅल्सिओलसला बियापासून फुलापर्यंत पोचायला दहाएक वर्षंही लागू शकतात. एका बोंडात हजारो बिया असतात आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या वाया जातात. जी एक वाया गेली नव्हती, तिच्यावर मी गुडघा टेकला होता.

भैजींनी वाकून पाहिलं. पानाचा देठ मोडलेला नव्हता, एक बाजू मात्र काळपट पडली होती. ते म्हणाले, “मुळाला काही झालं नाही. पुढच्या साली बघू.” मी त्या जागेचं अंतर शेजारच्या दगडापासून पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवलं. त्यानंतर चटई टेकण्याआधी मी दर वेळी हाताने जमीन चाचपली. एकेक पान बाजूला करून पाहायला पाच मिनिटं लागायची. ती पाच मिनिटं आता माझ्या कामाचाच भाग झाली आहेत.

फुलाचे फोटो सहाव्या दिवसापर्यंत मनासारखे मिळाले होते. उरलेले तीन दिवस मी फुलाकडे कोण येतं ते पाहायचं ठरवलं. मोजडीची सगळी रचना एका पाहुण्यासाठी आहे, आणि पाहुणा नसलेला फोटो मला अर्धवट वाटत होता.

ही रचना माणसाला चटकन समजली नव्हती. १८६२ साली चार्ल्स डार्विनने आमरींच्या परागीभवनावर लिहिलं तेव्हा त्याचा कयास असा होता की कीटक बाहेर बसून मागच्या बारीक छिद्रांतून सोंड आत घालत असावा. अमेरिकेतल्या जाती पाहणाऱ्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने सुचवलं की कीटक वरच्या तोंडातून पिशवीतच उतरत असावा आणि मागच्या छिद्रातून बाहेर पडत असावा. डार्विनने मग एक छोटी अँड्रिना मधमाशी पकडून पिशवीत सोडली. ती मागच्या वाटेनेच, पाठीला पराग माखून बाहेर आली. त्याने तिला पुन्हा पुन्हा आत घातलं आणि ती पुन्हा पुन्हा तशीच बाहेर आली. मी हे वाचलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं बाकी होतं.

मी एका फुलापासून चार हातांवर, कुशीवर झोपले. फोकस पिशवीच्या मागच्या भागावर लावून ठेवला, वायरचं बटण मुठीत. पहिल्या दिवशी पाच तासांत एक मुंगी आणि एक कोळी. कोळी पिशवीच्या तोंडाशी जाळं विणायला लागला तेव्हा त्याला हटवायचा मोह झाला, पण हात आवरला. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला एक गडद रंगाची, लहान, एकटी राहणारी मधमाशी आली. फुलाभोवती दोन फेऱ्या घालून पिवळ्या ढालीवर उतरली, घसरली आणि पिशवीत पडली.

पुढची सहा मिनिटं मी श्वासही जपून घेतला. पिशवीची भिंत पातळ आणि ऊन समोरून, त्यामुळे आतली सावली बाहेर दिसत होती. ती समोरच्या भिंतीवर चढायची आणि वळलेल्या कडेशी येऊन परत खाली पडायची. असं चार-पाच वेळा झालं. भिंतीला धरायला काही नाही आणि कड आत वळलेली, त्यामुळे आल्या वाटेने परत जाता येत नाही. मग ती मागे वळली. पिशवीच्या तळाशी मागच्या बाजूला लव असते, शिडीसारखी, आणि वर दोन्हीकडे दोन फटी. त्या फटींतून उजेड येतो. सावली लवेला धरून वर सरकायला लागली आणि ढालीच्या खाली येऊन अडकली. तिथे वाट इतकी चिंचोळी की अंग घासल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आधी लागते ती कुक्षी. पाठीवर दुसऱ्या फुलाचा पराग असेल तर तो तिथे पुसला जातो. त्यानंतर, अगदी दारात, पुंकेसर. म्हणजे याच फुलाचा पराग याच फुलाच्या कुक्षीवर जायला नको, अशी ती वाट आखलेली आहे.

डाव्या फटीतून आधी डोकं आलं, मग दोन पाय. ती थांबली, जोर लावला, पुन्हा थांबली. बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर पिवळा, चिकट गोळा माखलेला होता. ती सहपत्रावर बसली, मागच्या पायांनी पाठ पुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि उडाली. मी बटण किती वेळा दाबलं ते मला कळलं नाही. नंतर पाहिलं तर एकोणतीस फोटो होते आणि त्यातले दोन नीट होते.

या सगळ्यात तिला मिळालं काय? काहीच नाही. मोजडीत मध नसतो. रंगाने आणि वासाने बोलवायचं आणि रिकाम्या हाताने पाठवायचं. आणि बी धरायचं तर तीच किंवा तिच्यासारखी दुसरी मधमाशी परत दुसऱ्या मोजडीत फसली पाहिजे. तीन दिवसांत मी सुमारे पंधरा तास पहारा दिला. तीन कीटक आत पडले, त्यातला हा एकच मागच्या दाराने पराग घेऊन गेला. इतक्या फुलांनंतर बोंडं इतकी कमी का दिसतात, ते मला त्या पंधरा तासांनी शिकवलं.

घरी परतल्यावर मी काही फोटो ओळखीच्या लोकांना पाठवले. जागेचं नाव कुणालाही सांगितलं नाही, फोटोला चिकटलेली उपग्रहाची नोंदही पुसली. त्यातला मला सर्वांत आवडलेला फोटो रुंद कोनातला होता. खाली तिरप्या उजेडात मोजडी, मागे दरी आणि दरीच्या पलीकडे बर्फाचं एक शिखर. ज्याने हिमालयात दोन-चार पदभ्रमणं केली आहेत, त्याला ते शिखर आणि त्याचा कोन पाहून मी कुठे उभी होते ते सांगता येईल. हे तेव्हा माझ्या मनातच आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये आम्ही परत गेलो. धारेपलीकडचा नऊ कोंबांचा पुंजका जागेवर होता. खालचा, पायवाटेजवळचा नव्हता. तिथे दोन वीत लांब खड्डा होता. कुदळीसारख्या हत्याराने कापलेल्या कडा अजून ताज्या होत्या, आणि तळाशी मूलक्षोडाचे तीन तुकडे उरले होते. त्यांच्यावर दर वर्षीच्या कोंबाची एकेक खूण होती. मी एका तुकड्यावरच्या मोजल्या, सात भरल्या, आणि तो तुकडाही दोन्ही टोकांनी तुटलेला होता. भैजी बराच वेळ खड्ड्याशी उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी ते तुकडे परत मातीत घातले आणि वर पालापाचोळा ओढला.

कुणी खणलं ते कळलं नाही. माझ्या फोटोचा त्यात काही भाग होता की नव्हता, तेही मला कळलेलं नाही. मुळं जडीबुटी म्हणून नेली असतील, किंवा संग्रहाच्या हौसेने. दोन्ही घडतं. भैजींना मी शिखराच्या फोटोबद्दल सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “दीदी, आता फूल दाखवा. डोंगर नका दाखवू.”

मोजड्यांच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही. व्हिएतनाममधल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्सचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्या थोड्याच वर्षांत रानातली झाडं विक्रीसाठी जवळजवळ सगळी ओरबाडली गेली. इंग्लंडात कॅल्सिओलस १९१७ मध्ये नामशेष झाली असं मानलं गेलं. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये तिचं एक झाड सापडलं, आणि ज्यांना सापडलं त्यांनी व त्यांच्यानंतरच्यांनी ती जागा कित्येक दशकं गुप्त ठेवली आणि राखण केली. त्या एका झाडाच्या राखणीमुळे पुढे प्रयोगशाळेत रोपं करून पुन्हा लावण्याचं काम शक्य झालं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे १९९१ मध्ये वनस्पतींची वेगळी अनुसूची आली, तेव्हा तिच्यात मोजून सहा नोंदी होत्या आणि त्यांतली एक पॅफिओपेडिलमची. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात पॅफिओपेडिलम पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे आणि सायप्रिपेडियम दुसऱ्या. पण उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर, सोमवारी सकाळी, कुदळ घेऊन आलेल्या माणसासमोर कागद उभा नसतो. तिथे फक्त एकच राखणदार असतो, तो म्हणजे ती जागा कुणाला माहीत नसणं.

तो शिखराचा फोटो मी ज्यांना पाठवला होता त्यांना एकेकाला फोन करून पुसायला सांगितलं. माझ्याकडे तो आहे, पण मी तो दाखवत नाही. तेव्हापासून फ्रेम लावताना मी आधी मागचं पाहते. ओळखू येणारी धार, ओढ्यावरचा पूल, देऊळ, वळण, काहीही असेल तर कोन बदलते. लेन्स फुलाच्या इतकी जवळ नेते की मागे फक्त हिरवा धूसर रंग उरावा.

चेपलेलं रोपही शोधलं. दगडापासून अंतर मोजलं, तिथे काहीच नव्हतं. मोजडीचं झाड एखाद्या वर्षी कोंब न काढता जमिनीखाली पडून राहू शकतं, हे मला माहीत आहे. ते मेलं असंही असेल. वहीत मी ‘दिसलं नाही’ एवढंच लिहिलं.

त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी फुलांच्या दरीतही जाऊन आले. ती जागा लपवायचं कारण नाही. १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आत मुक्काम करता येत नाही आणि संध्याकाळच्या आत घांघरियाच्या वाटेने बाहेर पडावं लागतं. तिथे सायप्रिपेडियम हिमालयिकम पाहिली. ती कॉर्डिजेरमपेक्षा बुटकी, आणि रंगाने अगदी वेगळी, तांबूस-जांभळ्या रेघांची. ती वाटेपासून आत होती. वाट सोडायची नाही, म्हणून लांब लेन्सने जे मिळालं ते घेतलं. फोटो साधे आहेत. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ऑक्टोबरच्या मधोमध मी तिसऱ्यांदा धारेपलीकडे गेले. भोजपत्रांची पानं पिवळी होऊन गळत होती. मोजडीची पानं पार सुकून जमिनीला टेकली होती, आणि दुसरं काही माहीत नसतं तर मी तो उतार रिकामाच म्हटला असता. त्या जूनमध्ये नऊपैकी सहा कोंबांवर फुलं होती. बोंडं दोन होती. दोन्ही ताठ, तपकिरी, करंगळीच्या पेराहून थोडी लांब. एक अजून मिटलेलं होतं. दुसऱ्याला उभ्या चिरा पडल्या होत्या.

त्याचा फोटो घेत असताना खालून वारा आला आणि चिरांमधून धूर निघाल्यासारखं काहीतरी निघालं. कॅमेऱ्याला ते पकडता आलं नाही. भैजींनी मला रेनकोटची बाही वाऱ्याच्या बाजूने धरायला सांगितली. काळ्या कापडावर फिकट पिठाची चिमूट पडावी तसा एक पुसट थर जमला. मॅक्रो लेन्समधून पाहिलं तर प्रत्येक कण म्हणजे एक लांबट, जाळीदार पिशवी होती आणि तिच्या मधोमध एक ठिपका. बाहीवरच सहा फोटो घेतले. वारा पडायची वाट पाहिली. मग ज्या जागी गेल्या वर्षी चटई टेकली होती तिथे हात नेऊन, भैजींनी दाखवलं तशी, बाही दोनदा हळूच झटकली.